चष्म्याचा नंबर लेझरने काढण्यापूर्वी: धोके कसे पडताळावेत

मोतीबिंदू किंवा काचबिंदू झाला तर शस्त्रक्रिया टाळण्यातही धोका असतो. लेझरने चष्म्याचा नंबर काढण्याच्या बाबतीत तसे नाही, कारण शस्त्रक्रिया केली नाही तर काहीही बिघडत नाही, चष्मा पुढे चालू राहतो एवढेच. म्हणूनच या शस्त्रक्रियेतला प्रत्येक धोका, तो कितीही विरळ असला तरी, निरोगी डोळ्यावर आपण होऊन घेतलेला धोका ठरतो.

मी स्वतः लेसिक (लेझरने नंबर काढण्याची एक प्रचलित पद्धत) करून घेतले आहे आणि त्याबद्दल समाधानी आहे. मात्र निर्णय घेताना लागणारी माहिती मला निरनिराळ्या डॉक्टरांना विचारत आणि स्वतःचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत तुकड्यातुकड्यांनी जमवावी लागली. ती तुम्हाला एका ठिकाणी, क्रमाने मिळावी यासाठी हा लेख आहे. माझे ठाम मत असे की या शस्त्रक्रियेतले मोठे धोके बहुतांशी आधीच्या तपासणीतच टळतात, आणि त्या तपासणीत रुग्णाने स्वतः लक्ष घातले तर ते अधिक खात्रीने टळतात. हा लेख वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांसमोर बसताना तुमची तयारी असावी, एवढाच त्याचा उद्देश आहे.

१. डोळ्यात नेमके काय केले जाते ते आधी समजून घ्या

उणे नंबर असलेल्या डोळ्याची लांबी सहसा जास्त असते, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, अलीकडेच तयार होते. लेझर ही लांबी कमी करत नाही. डोळ्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या पारदर्शक पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, मधला भाग तो किंचित चपटा करतो आणि प्रतिमा मागे सरकवतो. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत, मद्रास विद्यापीठातून शिकून गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल ब्लम व जेम्स वाइन यांना आढळले की एक्सायमर लेझरने जैविक ऊतीचा अत्यंत पातळ थर आजूबाजूचा भाग न भाजता काढता येतो. आजची लेसिक त्याच शोधावर उभी आहे. कॉर्नियाचा असा काढलेला थर पुन्हा भरून येत नाही, ही गोष्ट पुढचे सर्व वाचताना ध्यानात असू द्या.

प्रचलित पद्धती तीन आहेत. लेसिकमध्ये कॉर्नियावर एक पातळ पापुद्रा कापून तो बाजूला उचलतात, त्याला फ्लॅप म्हणतात; खालचा थर लेझरने कमी करतात आणि फ्लॅप परत बसवतात. पीआरकेमध्ये फ्लॅप नसतो. वरचे पातळ आवरण खरवडून लेझर देतात आणि ते आवरण काही दिवसांत नव्याने तयार होते. स्माइलमध्ये कॉर्नियाच्या आतच लेझरने एक छोटी चकती तयार करून ती काही मिलिमीटरच्या छेदातून बाहेर काढतात.

२. आपण या शस्त्रक्रियेसाठी योग्य आहोत का, हे घरीच पडताळा

रुग्णालयात जाण्यापूर्वीच काही गोष्टी तुम्हाला स्वतः तपासता येतील. वय किमान १८ हवे, आणि नंबर स्थिर असणे त्याहून महत्त्वाचे आहे. वर्षभरात त्यात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडलेला नसावा. त्यासाठी चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून ठेवा. नंबर वाढत असताना केलेली शस्त्रक्रिया म्हणजे पुन्हा चष्मा लागण्याची निश्चिती होय.

पुढील बाबी लागू असतील तर त्या पहिल्याच भेटीत, कोणी विचारो वा न विचारो, स्वतःहून सांगा: गरोदरपण किंवा स्तनपान, संधिवातासारखा स्वप्रतिकारक आजार, नियंत्रणात नसलेला मधुमेह, डोळ्याला पूर्वी झालेली नागीण, मुरुमांसाठी घेतलेले आयसोट्रेटिनॉइन, कुटुंबात कोणाला केराटोकोनस (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) असणे, आणि डोळे चोळण्याची सवय. ही सवय क्षुल्लक वाटते, परंतु कॉर्निया कमकुवत होण्याशी तिचा निकटचा संबंध आहे. ॲलर्जीमुळे डोळे खाजत असतील तर आधी त्यावर उपचार करून घ्यावा.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी येथे थोडे थांबतो. महाराष्ट्रात अनेक तरुण केवळ वैद्यकीय चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी नंबर काढून घेतात आणि त्या पदाचे निकष नंतर वाचतात. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी लेसिक झालेले उमेदवार अपात्र धरले जातात, म्हणजे ज्या नोकरीसाठी शस्त्रक्रिया केली त्याच नोकरीचे दार त्यामुळे बंद होते. हवाई दलाच्या निकषांत शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर गेलेला काळ आणि उरलेल्या कॉर्नियाची जाडी यांबाबत अटी आहेत. हे निकष बदलत असतात. म्हणून तुमच्या पदाच्या चालू जाहिरातीतील वैद्यकीय परिशिष्ट वाचल्याखेरीज पुढची एकही पायरी चढू नका.

३. तपासणीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा

लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. त्या स्थितीत घेतलेली मापे चुकीची येतात आणि त्यांवर बेतलेली शस्त्रक्रियाही चुकते. साध्या मऊ लेन्स तपासणीपूर्वी २ आठवडे आणि अर्धकठीण लेन्स किमान ३ आठवडे बंद ठेवाव्यात. हा अवधी न पाळता ‘आलाच आहात तर आजच मोजून घेऊ’ असे कोणी सुचवले, तर नम्रपणे नकार द्या आणि पुढची तारीख घ्या.

४. कोणत्या तपासण्या झाल्याच पाहिजेत

पहिल्या पूर्ण तपासणीला दोन-तीन तास लागू शकतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे दुचाकी घेऊन जाऊ नका, कोणाला तरी सोबत न्या. सोबत नेण्याची कागदपत्रे अशी: चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या, सध्याचा चष्मा, चालू औषधांची यादी, आणि डोळ्यांच्या पूर्वीच्या उपचारांचे कागद.

पुढील तपासण्यांपैकी एकही सुटू देऊ नका:

– कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, शक्यतो पुढची व मागची अशा दोन्ही बाजूंचा नकाशा देणाऱ्या पेन्टाकॅमसारख्या यंत्रावर. केराटोकोनसची सुरुवात अनेकदा मागच्या बाजूने दिसते.
– कॉर्नियाची जाडी.
– अश्रूंची तपासणी. शर्मर चाचणीत पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते पाहतात. अश्रूंचा थर किती सेकंदांत तुटतो हेही मोजतात.
– थेंब घालून खरा नंबर काढणे. तरुण डोळा ताण देऊन नंबर जास्त दाखवू शकतो.
– अंधारात बाहुली किती मोठी होते त्याचे माप.
– डोळ्याचा दाब.
– बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी.

शेवटच्या तपासणीविषयी आणखी थोडे सांगायला हवे. मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यात दृष्टिपटल कडेला पातळ होऊन त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. लेझरने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी तीच राहते, म्हणून हा धोकाही तसाच राहतो. चष्मा सुटला म्हणजे डोळा सामान्य झाला असे समजून वार्षिक तपासणी सोडून देणारे बरेच जण असतात. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वाढणे, वीज चमकल्यासारखे दिसणे किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर शस्त्रक्रियेनंतर कितीही वर्षांनी का असेना, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

५. कॉर्नियाचा हिशेब स्वतः मांडून पाहा

संपूर्ण लेखातली एकच पायरी काळजीपूर्वक वाचायची असेल तर ही वाचा. या शस्त्रक्रियेचा सर्वांत गंभीर दीर्घकालीन धोका म्हणजे एक्टेशिया: कॉर्निया इतका पातळ किंवा कमकुवत होतो की डोळ्याच्या आतल्या दाबाने तो हळूहळू पुढे फुगू लागतो. नजर विस्कटते आणि साध्या चष्म्याने ती सुधारत नाही. हे काही महिन्यांनी दिसू शकते, तसे काही वर्षांनीही. उपचार आहेत. रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया घट्ट करतात, त्याला आपल्याकडे सीथ्रीआर म्हणतात. कठीण लेन्स वापराव्या लागतात. क्वचित नेत्ररोपणापर्यंत वेळ येते. परंतु यांपैकी कशानेही डोळा पूर्वस्थितीला येत नाही.

हा धोका आजमावण्याचा हिशेब शाळकरी गणिताएवढाच आहे. कॉर्नियाची मध्यभागची जाडी सरासरी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते आणि बऱ्याच भारतीयांची त्याहून काहीशी कमी असते. लेसिकचा फ्लॅप सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा असतो. लेझर दर एका नंबरामागे साधारण १२ ते १६ मायक्रॉन थर काढतो. जितके मोठे क्षेत्र दुरुस्त करायचे, तितका आकडा वाढतो. फ्लॅपखाली किमान २५० मायक्रॉन उरले पाहिजेत असा जुना नियम आहे, आणि आता अनेक शल्यचिकित्सक ३०० मायक्रॉन उरावेत असा आग्रह धरतात.

समजा, तुमचा नंबर उणे ७ आहे आणि कॉर्निया ५०० मायक्रॉन आहे. फ्लॅपचे ११० आणि लेझरचे १५ प्रमाणे १०५ वजा केले तर २८५ उरतात. जुन्या नियमाने तुम्ही पात्र ठरता. आता दुसरी कसोटी लावा. फ्लॅप आणि काढलेला थर मिळून २१५ मायक्रॉन, म्हणजे एकूण जाडीच्या ४३ टक्के भाग बदलला गेला. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या पुढे गेले की एक्टेशियाचा धोका वाढतो असे मानले जाते. एकाच डोळ्याला एका कसोटीने होकार आणि दुसरीने नकार मिळतो तो असा. जाहिरातीत किंवा समुपदेशकाच्या टेबलावर सहसा यांपैकी होकाराची कसोटीच ऐकायला मिळते.

म्हणून डॉक्टरांना हे चार आकडे विचारा आणि कागदावर लिहून घ्या: माझी सर्वांत पातळ जागेची जाडी किती, फ्लॅप किती जाडीचा करणार, लेझर किती थर काढणार, आणि खाली किती उरणार. चांगला डॉक्टर या प्रश्नाने नाराज होत नाही. मला तर ज्यांनी स्वतः कागद ओढून आकडेमोड करून दाखवली त्यांच्याबद्दल अधिक विश्वास वाटला. तरीही जाडी म्हणजे सर्व काही नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. नकाशात केराटोकोनसची शंका असेल तर ५६० मायक्रॉनचा कॉर्नियाही शस्त्रक्रियेस अयोग्य असतो. ‘संशयास्पद’, ‘असमान’ किंवा ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे शब्द कानावर आले तर दुसऱ्या, शक्यतो कॉर्नियाच्या तज्ज्ञाचे मत घ्या. नकार मिळाला तर तो मोलाचा सल्ला समजून स्वीकारा आणि होकार देणारे केंद्र शोधत फिरू नका.

६. बाकीचे धोके: कोणते नेहमीचे, कोणते विरळ

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कोरडेपणा. फ्लॅप कापताना कॉर्नियाच्या संवेदना वाहणाऱ्या सूक्ष्म नसा तुटतात. डोळा कोरडा पडल्याची जाणीव मेंदूला पोहोचत नाही, अश्रू कमी येतात, पापण्यांची उघडझापही मंदावते. नसा बऱ्याच अंशी पुन्हा वाढतात आणि बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात कमी होतो. काहींचा मात्र राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सैन्यदलातील आणि नागरी रुग्णांवर केलेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे दिसले की ज्यांना आधी कोरडेपणा नव्हता अशांपैकी जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी ३ महिन्यांनी कोरडेपणाची तक्रार सांगितली. ज्यांचे काम दिवसभर वातानुकूलित कचेरीत संगणकापुढे चालते, त्यांनी ही बाब विशेष गांभीर्याने घ्यावी. माझ्या बाबतीत हाच त्रास सर्वांत जास्त टिकला, आणि कृत्रिम अश्रूंची बाटली खिशात ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही. आधीच डोळे कोरडे असतील तर त्यावर उपचार होऊन मापे सुधारेपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. स्माइलमध्ये कमी नसा तुटत असल्याने हा त्रास तुलनेने कमी होण्याकडे कल असतो, परंतु तो होणारच नाही असे नाही.

दुसरा त्रास रात्रीचा. दिव्याभोवती वलये दिसणे, प्रकाश ताऱ्यासारखा फाकणे, समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपणे, अक्षरांना सावली दिसणे. त्याच अभ्यासांत, आधी असे काहीही नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना ३ महिन्यांनी यांपैकी किमान एक लक्षण जाणवले. त्यामुळे दैनंदिन कामात खूप अडचण आली असे सांगणारे मात्र १ टक्क्याहून कमी होते, आणि बहुसंख्य रुग्ण आपल्या नजरेबाबत समाधानी होते. ही दोन्ही विधाने एकत्र वाचली तरच खरे चित्र समजते. रात्री ट्रक, एसटी किंवा रिक्षा चालवून पोट भरणाऱ्या माणसाने मात्र हा मुद्दा डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलावा. डोळे तपासण्याच्या फळ्यावरची शेवटची ओळ वाचता येणे आणि पावसाळ्यातल्या रात्री घाटात गाडी चालवता येणे या वेगवेगळ्या क्षमता आहेत.

त्यानंतर विरळ, पण माहीत असायलाच हवेत असे धोके. फ्लॅपला सुरकुती पडणे, त्याखाली पेशी वाढणे किंवा दाह होणे. यांवर वेळीच लक्ष गेले तर उपचार होतात. फ्लॅप पूर्ण घट्ट जोडला जात नाही, त्यामुळे जोराचा मार बसला तर तो वर्षांनंतरही सरकू शकतो. कबड्डी, कुस्ती, मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांना म्हणूनच फ्लॅप नसलेली पद्धत सुचवली जाते. पीआरकेमध्ये हा प्रश्न नाही. मात्र पहिले तीन-चार दिवस चांगलेच दुखते, नजर स्थिर व्हायला आठवडे लागतात आणि मोठ्या नंबरात कॉर्नियावर धुके येण्याची शक्यता असते. जंतुसंसर्ग विरळ असला तरी तो नजर हिरावू शकतो. दोन्ही डोळे सहसा एकाच दिवशी केले जातात, म्हणून प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र निर्जंतुक उपकरणे वापरली जातात का, हे जरूर विचारा. फार थोड्या रुग्णांना डोळा वरून ठीक दिसत असूनही नसांच्या बिघाडामुळे सतत वेदना होतात. पाठदुखी, अर्धशिशी यांसारख्या जुनाट वेदना आधीपासून असतील तर तसे डॉक्टरांना सांगा.

थोडा नंबर उरणे किंवा काही वर्षांनी परत येणे हेही शक्य असते. पुन्हा लेझर करायचा तर पुरेसा कॉर्निया शिल्लक असावा लागतो, त्यामुळे पाचव्या पायरीतला हिशेब येथे पुन्हा कामाला येतो.

चाळिशीच्या आसपास असाल तर आणखी एक विचार करा. उणे ३ नंबर असलेला माणूस पन्नाशीतही चष्मा काढून आरामात वर्तमानपत्र वाचतो. शस्त्रक्रियेने ही सोय जाते आणि वाचायचा चष्मा लागतो. शिवणकाम, दागिन्यांचे काम किंवा मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी हा व्यवहार तोट्याचा ठरू शकतो.

७. पर्याय, खर्च आणि संमतिपत्र

चष्मा हा सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. मोठा नंबर किंवा पातळ कॉर्निया असेल तर डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, म्हणजे आयसीएल, सुचवली जाऊ शकते. ती काढता येते आणि कॉर्निया पातळ करत नाही. मात्र डोळ्याच्या आत शिरून केलेली ही शस्त्रक्रिया असल्याने मोतीबिंदू, वाढलेला दाब आणि कॉर्नियाच्या आतल्या पेशी कमी होणे असे तिचे वेगळे धोके आहेत.

आरोग्य विमा असेल तर पॉलिसीतील वगळलेल्या बाबी वाचा. ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) कमी नंबर दुरुस्त करण्याचा खर्च प्रमाणित अपवादांमध्ये मोडतो, म्हणजे बहुतेकांना तो खिशातूनच करावा लागतो. सणासुदीच्या सवलतीची मुदत संपते आहे म्हणून तपासणीच्याच दिवशी आगाऊ पैसे भरू नका. दरपत्रकात पुढच्या तपासण्या, औषधे आणि गरज पडल्यास दुसरा लेझर धरला आहे का, ते लेखी घ्या.

संमतिपत्र शस्त्रक्रियेच्या सकाळी हातात पडले तर ते वाचून होत नाही. ते आदल्या भेटीत, मराठीत मागून घरी न्या. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमतीच खरी संमती. शस्त्रक्रिया नेमकी कोण करणार, त्यांचे नाव व महाराष्ट्र वैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक यांची विचारणा करण्यात संकोच बाळगू नये.

८. शस्त्रक्रियेचा दिवस आणि पुढचे आठवडे

प्रत्यक्ष काम काही मिनिटांत संपते. थेंबांनी डोळा बधिर करतात, दाब जाणवतो, क्षणभर दिसेनासे होते. घरी जाऊन झोपा.

खरी शिस्त त्यानंतर लागते. डोळे अजिबात चोळू नका, झोपताना दिलेले कवच लावा, डोळ्यात नळाचे पाणी जाऊ देऊ नका, आणि पोहणे, रंगपंचमी, मिरवणुकीतला गुलाल यांपासून डॉक्टर सांगतील तितके आठवडे लांब राहा. बाहेर पडताना, विशेषतः दुचाकीवर, गॉगल हवाच. स्टेरॉइडचे थेंब ठरल्याप्रमाणे कमी करत बंद करायचे असतात. बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नका, आणि दुकानातून आणून स्वतःच्या मनाने पुढेही चालू ठेवू नका, कारण काहींच्या डोळ्याचा दाब त्यांनी गुपचूप वाढतो. वाढती वेदना, लाली, चिकट स्राव किंवा नजर अचानक कमी होणे दिसले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

९. आयुष्यभर टिकणारी फाइल तयार करा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा डोळ्यात बसवायच्या भिंगाची शक्ती काढणे लेझर झालेल्या डोळ्यात अवघड जाते, कारण नेहमीची सूत्रे न बदललेला कॉर्निया गृहीत धरतात. काचबिंदूच्या तपासणीतही अडचण येते. पातळ झालेल्या कॉर्नियावर मोजलेला दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो आणि आजार नजरेआड राहू शकतो. दोन्ही प्रसंगी जुने आकडे उपयोगी पडतात.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांवर आंतररुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपण्याचे बंधन आहे, आणि मोतीबिंदू मात्र बहुधा दोन-तीन दशकांनी येतो. त्याच नियमांत, रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत नोंदी देण्याची तरतूद आहे. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच तपासणीला लेखी अर्ज देऊन पुढील गोष्टी मागून घ्या: शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, टोपोग्राफीचे रंगीत नकाशे, कॉर्नियाची जाडी व वक्रतेची मापे, डोळ्याचा आधीचा दाब, यंत्रातून निघालेला लेझरचा तपशील, फ्लॅपची जाडी, आणि नजर स्थिर झाल्यानंतरचा नंबर. मूळ कागद घरात ठेवा, त्यांची छायाचित्रे काढून स्वतःला आणि घरातल्या एका व्यक्तीला ई-मेल करा, आणि यापुढे डोळ्यांच्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तर ‘माझे लेझर झाले आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.